आरशामागे राहणारा बेडूक

झाडबेडूक पाळता येतो का? बडोद्याच्या अकोट्यात आमच्या सोसायटीत दर पावसाळ्यात कुणीतरी मूल हा प्रश्न विचारतंच. विचारणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा लोणच्याची रिकामी बरणी असते. झाकणाला खिळ्याने भोकं पाडलेली असतात आणि आत तळाशी पोट टेकून एक फिकट तपकिरी बेडूक बसलेला असतो. लांबी बोटाएवढी, डोळे मोठे, डोळ्यांतल्या बाहुल्या आडव्या. गळ्याखालची कातडी सारखी वरखाली होत असते. बेडकाला बरगड्यांचा पिंजरा नसतो, त्यामुळे तुमच्याआमच्यासारखी छाती फुगवून त्याला श्वास घेता येत नाही. गळ्याने हवा ढकलत ढकलतच तो ती फुप्फुसांत भरतो.

उत्तर आधीच सांगून टाकते. पाळायची गरजच नाही, कारण तो तुमच्याच घरात राहत असण्याची चांगलीच शक्यता आहे! न्हाणीघरातल्या आरशामागे टॉर्च मारून बघा. फ्लशच्या टाकीमागे बघा. अंगणातल्या नळाजवळ उपडी ठेवलेली कुंडी हळूच तिरपी करा. गच्चीवरच्या टाकीचं झाकण मात्र मोठ्या माणसालाच उचलायला सांगा. यातल्या एखाद्या जागी, हातपाय अंगाखाली घट्ट दुमडून, तो दिवसभर बसून असतो. त्याला गार, अंधारी आणि जराशी ओलसर जागा लागते. उन्हाळ्यात चाळिशीपार जाणाऱ्या बडोद्यात अशी हमखास जागा म्हणजे आपली मोरी.

अकोटा विश्वामित्री नदीच्या काठावर आहे. बडोद्याबाहेरच्या वाचकांना विश्वामित्री म्हटलं की मगरी आठवतील. आठवणारच, कारण २०२४ च्या ऑगस्टअखेर नदीला पूर आला तेव्हा अकोटा स्टेडियमजवळ एका घराच्या छपरावर चक्क मगर बसलेली दिसली होती आणि ते दृश्य देशभर गाजलं. मगरीची बातमी झाली. त्याच पावसात कितीतरी घरांच्या भिंतींवर झाडबेडूक बसले असतील, त्यांची बातमी कुणी केली नाही. ती आज मी करणार आहे.

आधी ओळख पटवून घेऊ. जमिनीवर बसकण मारून बसलेला, अंगभर चामखिळी असलेला जाडजूड प्राणी दिसला तर तो भेक. त्याला भिंत चढता येत नाही. आपला झाडबेडूक सडपातळ, गुळगुळीत कातडीचा. नर लहान, मादी मोठी. ती सहा-सात सेंटीमीटरपर्यंत भरते. पाय लांबवलेला दिसला तर मांडीच्या मागच्या बाजूला गडद रंगावर पिवळे गोल ठिपके दिसतात. आणि सगळ्यात पक्की खूण म्हणजे प्रत्येक बोटाच्या टोकाला असलेली चपटी गोल गादी. नाव झाडबेडूक असलं तरी हा हिरवा नसतो, हे ऐकून मुलं जरा खट्टू होतात. पण हा तपकिरी, पिवळसर, राखाडी असे रंग बदलतो. रात्री गडद दिसणारा बेडूक दिवसा चुन्याच्या भिंतीवर इतका फिका पडतो की तो तिथे बसलाय हे टॉवेल ओढेपर्यंत कळत नाही.

शास्त्रज्ञ त्याला पॉलिपेडॅटिस मॅक्युलॅटस म्हणतात. १८३० साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या जॉन एडवर्ड ग्रे यांनी या जातीची पहिल्यांदा शास्त्रीय नोंद केली, आणि ती केली भारतीय प्राण्यांच्या चित्रांच्या एका मोठ्या ग्रंथात. ती चित्रं थॉमस हार्डविक नावाच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करी अधिकाऱ्याने भारतीय चित्रकारांकडून काढून घेतली होती. ग्रे आणि हार्डविक यांची नावं राहिली. ज्यांनी प्राण्यांसमोर बसून एकेक बोट, एकेक ठिपका रंगवला, त्या चित्रकारांपैकी बहुतेकांची नावं कुणी लिहूनच ठेवली नाहीत. मला याचं फार वाईट वाटतं.

आता त्या बोटांकडे या. आरशाच्या गुळगुळीत काचेवर हा चिकटतो कसा? डिंकाने नव्हे. गादीच्या खालच्या बाजूला सहा कोनांच्या सूक्ष्म पेशी शेजारी शेजारी बसलेल्या असतात. दोन पेशींच्या मध्ये बारीक चर असतात आणि त्या चरांतून पातळ ओला स्राव पसरत राहतो. दोन काचेच्या बशा ओल्या करून एकमेकींवर दाबा आणि मग सरळ ओढून वेगळ्या करून बघा, म्हणजे पाण्याचा पातळसा थर किती जोर लावतो ते कळेल. जास्तीचं पाणी चरांतून निघून जातं आणि गादी पृष्ठभागाला अगदी बिलगते. मग पुढचं पाऊल टाकताना ती सुटते कशी? चालताना बेडूक गादी मागच्या कडेकडून पुढे सोलत उचलतो, त्यामुळे जोर लावावाच लागत नाही. शिवाय चालता चालता गाद्या आपोआप स्वच्छ होतात. धूळ चिकटलेली गादी पावलागणिक पुन्हा पकड घ्यायला लागते. घरात काच असेल आणि बेडूक काचेच्या पलीकडच्या बाजूला बसला असेल, तर या बाजूने भिंगातून त्याची बोटं बघा. कुणालाही हात न लावता मिळणारी इतकी छान प्रयोगशाळा दुसरी नाही.

हात लावायचा नाही, हे मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. त्याचं कारण बेडकाच्या कातडीत आहे.

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. पोटाच्या मागच्या भागातली, मांड्यांजवळची कातडी पातळ असते, तिच्याखाली रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. ओल्या जागेवर बेडूक तो भाग टेकून बसतो आणि पाणी थेट आत शोषून घेतो. थोडाफार श्वासही तो कातडीतूनच घेतो. याचा दुसरा अर्थ लक्षात आला का? जमिनीवर जे काही सांडलेलं असेल ते तो पितो. फरशी फिनेलने पुसली असेल तर फिनेल. तुमच्या हाताला साबण, मीठ किंवा डास पळवायचं मलम लागलेलं असेल तर तेही. आपल्याला नुसता प्रेमाने हातात घेतल्यासारखा वाटतो. त्याच्या अंगात मात्र तेवढ्यात काय काय शिरलेलं असतं.

जे कातडीतून आत येतं ते कातडीतून बाहेरही जातं. उघड्यावर बसलेला बेडूक सारखा वाळत असतो. बहुतेक बेडूक म्हणूनच चिखल सोडत नाहीत. आपला झाडबेडूक मात्र कोरड्या भिंतीवर तासन् तास बसतो. कसा काय? १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हार्वे लिलीव्हाइट हे अमेरिकी शास्त्रज्ञ आणि त्यांचे भारतीय सहकारी यांनी याच जातीच्या बेडकांचं बारकाईने निरीक्षण केलं. त्यांना दिसलं की हा बेडूक कातडीतल्या ग्रंथींमधून चिकट स्राव सोडतो, त्यात थोडे स्निग्ध पदार्थही असतात, आणि मग हातापायांनी तो सगळ्या अंगाला पुसून घेतो.

हे मी स्वतः पाहिलंय. आधी पुढचा एक हात डोक्यावरून मागून पुढे येतो, डोळ्यावरून जाताना डोळा क्षणभर आत दबतो. मग दुसरा हात. मग मागचा पाय वर येऊन पाठ पुसतो, कुशी पुसतो, आणि तो इतका लांब वळतो की पाहणाऱ्याला वाटावं आता हा पडणार. पडत नाही. बाकीचे तीन पाय भिंतीला धरून असतात. सगळं अंग माखून झालं की तो हातपाय पोटाखाली ओढतो, हनुवटी टेकतो, डोळे अर्धे मिटतो आणि मग दिवसभर हालत नाही. अंगावर लेप, पोट भिंतीला चिकटलेलं, हातापायांची कातडी झाकलेली: पाणी उडून जायला जागाच थोडी उरते. अशा वेळी कौतुकाने उचललं की त्याची पूर्ण सकाळची मेहनत वाया गेली. त्याला ओल शोधत पुन्हा खाली उतरावं लागणार, तेही पाली-मांजरांच्या नजरेसमोर, भर दिवसा.

आता बरणीचं बघू. समजा, तुम्ही त्याला मोठ्या काचेच्या पेटीत ठेवलंत, फांदी ठेवलीत, पाणी ठेवलंत. खायला काय देणार? मेलेली माशी पुढे ठेवाल? तो बघणारसुद्धा नाही. १९५९ साली अमेरिकेत जेरोम लेटविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेडकाच्या डोळ्यातून मेंदूकडे जाणारे मज्जातंतू तपासले. त्यातले काही तंतू फक्त लहान, गडद आणि हलणारी वस्तू समोर आली की जागे होत.  म्हणजे मेलेल्या माशांच्या ढिगात बसूनही बेडूक उपाशी राहू शकतो. त्याला चालतं, फडफडतं, जिवंत खाणं हवं, आणि ते रोज रात्री पकडून आणायचं काम परीक्षेच्या दिवसांतही तुमचंच. ऑस्ट्रेलियातला एक गुबगुबीत हिरवा झाडबेडूक जगात पुष्कळ लोक पाळतात, आणि तो कधीकधी वीस-वीस वर्षं जगतो. आज सातवीत असलेल्या मुलाने तो घेतला तर नोकरीला लागल्यावरही त्याच्यासाठी किडे शोधत बसायचं!

मोरीतल्या बेडकाला असं काही पुरवावं लागत नाही. ट्यूबलाइट लावली की पतंग, पाखरं, डास आपोआप जमतात. तो भिंतीवर येतो, दबा धरतो आणि झेप घेतो. जीभ तोंडात पुढच्या बाजूला जोडलेली असते, त्यामुळे ती उलगडत बाहेर फेकली जाते. किडा आत गेला की नीट बघा: बेडूक डोळे मिटतो. चव घेतोय असं वाटेल, पण नाही. डोळ्यांचे गोळे खाली तोंडाच्या पोकळीत दबतात आणि घास घशाकडे ढकलायला मदत करतात. डोळ्यांनी गिळणारा प्राणी तुमच्या घरात आहे आणि तुम्ही दात घासता घासता तो बघू शकता.

कायद्याचंही सांगायला हवं. आपल्याकडे १९७२ सालापासून वन्यजीव संरक्षण कायदा आहे. पिंजऱ्यातला आपला रानटी पोपट किंवा पाळलेलं तारा-कासव हे कितीही घरांत दिसलं तरी ते ठेवणं गुन्हाच आहे. बेडकाच्या बाबतीत तर कायद्याच्या पुस्तकापर्यंत जायची वेळच येऊ नये, असं मला मनापासून वाटतं. शिवाय एका ठिकाणचा बेडूक उचलून दुसरीकडे सोडला की त्याच्याबरोबर त्याचे रोगही जातात. कातडीवर वाढणाऱ्या एका बुरशीने जगभरात बेडकांच्या कितीतरी जाती धोक्यात आणल्या आहेत आणि माणसाने बेडकांची केलेली ने-आण हे ती पसरण्याचं एक मोठं कारण आहे. म्हणून सुट्टीत आंबोलीला गेलात आणि तिथला हिरवागार मलबारी उडता बेडूक दिसला, तरी तो बडोद्याला आणायचा नाही. तो आपल्या झाडबेडकाचा नातलग आहे. बोटांमधले मोठाले लाल पडदे ताणून तो एका झेपेत नऊ ते बारा मीटर तरंगत जातो. ते तिथेच, पावसात उभं राहून बघण्यात मजा आहे.

आई-आजींची एक शंका मला नेहमी ऐकू येते: बेडूक आला की मागोमाग साप येईल. साप बेडूक खातात हे खरंच आहे, ते नाकारून चालणार नाही. पण साप मोरीत येतो तो उघड्या भोकातून, फुटक्या जाळीतून. मोरीच्या तोंडाला धड जाळी बसवा, भिंतीतल्या पाइपांभोवतीच्या फटी बुजवा. बेडूक खिडकीतून येईल-जाईल, त्याला तेवढं पुरतं. आणि हा बेडूक विषारी नाही. चुकून हात लागला तर हात धुवून टाकायचे, बस्स.

त्याला राहू द्यायचं म्हणजे करायचं काय? फार नाही. फिनेल टाकलं तर फरशीवर भरपूर पाणी ओता. कढत पाण्याची बादली ओतण्याआधी कोपऱ्यात बघा. रिकाम्या खोल बादलीत किंवा पिंपात एक काठी तिरपी ठेवा. मातीची पसरट ताटली पाणी घालून कुंड्यांमध्ये ठेवा. बडोद्याच्या नळाला आजव्याचं आणि महीचं पाणी येतं, शुद्ध करताना त्यात क्लोरीन घालतात. ते पाणी उघड्या भांड्यात एक दिवस ठेवून मग ताटलीत ओता. ताटली मात्र रोज घासून नव्याने भरायची. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात आणि बेडूक ते सगळे खाईल या भरवशावर राहू नका.

आणि मग जून येतो. पहिला जोराचा पाऊस झाला की रात्री अंगणातून आवाज येतो: टक्-टक्-टक्-टक्. डरांव डरांव अजिबात नाही. कुणी आलंय असं समजून दार उघडायला गेलेली माणसं मला माहीत आहेत. ओरडतो तो नर, पाण्याच्या जवळ बसून. गळ्याखालची पिशवी फुगते आणि तो त्या आवाजाने मादीला बोलावतो.

मादी येते. नर तिच्या पाठीवर बसतो आणि ती त्याला घेऊन जागा शोधते. पाण्याच्या आत नाही, पाण्याच्या वर! हौदाची आतली भिंत, टाकीची कड, पाण्यावर ओणवलेलं अळूचं पान. तिथे बसून ती अंगातून एक पातळ स्राव सोडते आणि मागच्या दोन्ही पायांनी तो घुसळायला लागते, ताकात रवी फिरावी तसे पाय आत-बाहेर, आत-बाहेर. स्रावात हवा मिसळते, फेस फुगतो. त्याच फेसात ती अंडी घालते आणि नर ती फलित करतो. मधेमधे ती थांबते, पुन्हा घुसळते. काम संपतं तेव्हा भिंतीला मुठीएवढा पांढराशुभ्र फेसाचा गोळा लटकत असतो आणि त्यात शेकडो बारीक अंडी असतात. सकाळी तो पाहून कुणी म्हणतं साबण उडाला, कुणी म्हणतं कोळ्याचं घर. झाडूने काढून टाकू नका, एवढं घरी सगळ्यांना सांगून ठेवा.

उन्हात गोळ्याचा बाहेरचा थर वाळून पिवळट, कडक होतो. आत मात्र ओल टिकून राहते, हवाही असते. पाण्यात अंडी घातली असती तर मासे आणि किडे त्यांच्यावर तुटून पडले असते. भिंतीवर ती त्यांच्या तोंडापासून लांब राहतात. काही दिवसांनी अंड्यांतून शेपटीवाली चिमुकली पिल्लं, म्हणजे भैकेर, बाहेर येतात. फेस खालून पातळ होऊन गळायला लागतो आणि त्याच्याबरोबर टपटप ती पिल्लंही खालच्या पाण्यात पडतात. मादीची जागा चुकली, किंवा मधल्या दिवसांत कुणी खालचं पिंप रिकामं केलं, तर ती कोरड्या जमिनीवर पडून मरतात. इथे मात्र तुम्हाला खरंच काहीतरी करता येतं. गोळा दिसला की तो हलवू नका, त्याच्या बरोबर खाली टब ठेवा. टबात एक दिवस उघड्यावर ठेवलेलं पाणी, थोडं शेवाळ असलेला दगड, सावली, आणि डास आत जाऊ नयेत म्हणून बाजूंनी बारीक जाळी. जाळीचं वरचं तोंड फेस पडेपर्यंत गोळ्याखाली मोकळं, नंतर बंद. खायला शेवाळ आणि उकडलेल्या पालकाचा छोटासा तुकडा. उरलेला तुकडा दुसऱ्या दिवशी काढायचा, नाहीतर पाणी नासतं.

भैकेर म्हणजे केवढं कोडं आहे! १९९२ साली भुवनेश्वरच्या उत्कल विद्यापीठात प्रियंबदा मोहंती हेजमाडी आणि सहकाऱ्यांनी वेगळ्या जातीच्या भैकेरांच्या कापलेल्या शेपट्यांवर प्रयोग केले. अ जीवनसत्त्व मिसळलेल्या पाण्यात ठेवलेल्या काही पिल्लांना शेपटीच्या जागी शेपटी न येता चक्क पाय फुटले. सगळ्या जगातले शास्त्रज्ञ थक्क झाले. या बाई ओडिशी नृत्याच्या नामांकित कलावंतही होत्या. आणि आपल्याच बडोद्यात, महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात, पालीची तुटलेली शेपटी पुन्हा कशी वाढते यावर वर्षानुवर्षं संशोधन झालं. म्हणजे मोरीच्या भिंतीवर शेजारी शेजारी बसणारे पाल आणि बेडूक दोघेही विज्ञानाच्या कामी आलेले आहेत.

तुम्ही कापाकापी करायची नाही, नुसती वही घ्यायची. पहिला टक्-टक् कधी ऐकला, फेस कधी दिसला, पहिलं पिल्लू कधी पडलं, मागचे पाय कधी फुटले, पुढचे कधी. साधारण दोन महिन्यांत ते पुढचे पाय दिसतात, शेपटी आखूड व्हायला लागते आणि पिल्लू फुप्फुसांनी श्वास घेऊ लागतं. त्या दिवसापासून टबात तिरपी फळी हवीच, नाहीतर ते बुडून मरेल. मग जाळी काढून टाका. नखाएवढे बेडूक कुणाला न विचारता कुंडीवर, कुंपणावर, पाइपवर चढून निघून जातील आणि त्यातला एखादा, नशीब असेल तर, तुमच्याच आरशामागे येईल.

त्याला नाव ठेवायचं असेल तर खुशाल ठेवा, पण घाई करू नका. पुढच्या पावसाळ्यांत कधीतरी तो टक्-टक् ओरडला तर तो नर. ओरडला नाही आणि वाढत वाढत सहा सेंटीमीटरच्या पुढे गेला, तर ती मादी असणार. अंदाजासाठी आरशाच्या कडेला, त्याच्यापासून जरा लांब, पट्टीच्या मापाच्या खुणा पेन्सिलने करून ठेवा. तो त्यांच्या शेजारी येऊन बसला की लांबूनच वाचा.